मागून येणारी टक-टक

मंडळी, दारात उभे आहात त्यांनी आत या. इकडं पुढं सतरंजीवर जागा आहे. अप्पा असते तर शेवटचा माणूस आत आल्याशिवाय त्यांनी मला तोंड उघडू दिलं नसतं.

मला बोलता येत नाही. ऐकता येतं. उदगीरच्या चौकात लिंबाखाली पंक्चर काढत बसायचो, तेव्हापासून माझं पोट या दोन कानांवर चाललंय. आज ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टचं दुकान आहे. तरी रस्त्यावरून गाडी गेली की आत बसून सांगतो, हिचं बेअरिंग गेलंय. अशा माणसाला तुम्ही बोलायला उभं केलंत. तेही विश्वनाथअप्पांबद्दल, आणि त्यांच्या घरच्या अक्का समोर बसलेल्या असताना. काय बोलावं? पण इथं डोळे पुसत बसलो तर अप्पा म्हणतील, "शेठ, चढ आलाय का? न्हाई ना? मग धापा कामून टाकून राहिलात?"

काहीजण त्यांना फक्त शेजारी म्हणून ओळखता, म्हणून सांगतो. अप्पांनी सगळी नोकरी लाल बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली. रिटायर झाले, तिकिटाची पेटी जमा केली आणि दुसऱ्या दिवशी घरातली जुनी काळी सायकल बाहेर काढली. म्हणाले, "इतकी वर्षं हे रस्ते लोकांच्या काखेतून बघितले. आता नीट बघतो."

त्यातून आमची रविवारची टोळी झाली. उजाडताना चौकात जमायचं आणि निघायचं. रस्ते सगळे अप्पांचे. तिरूच्या काठाचा त्यांचा. लोह्याला मुक्काम टाकून मन्याडच्या काठानं केलेली दोन दिवसांची फेरी त्यांची. आणि सगळ्यांचा लाडका, देवणीवरून मांजरेच्या पुलावर उतरणारा, तोही त्यांचाच. नवा रस्ता असला की शनिवारी ते एकटे जाऊन यायचे. कुठल्या वस्तीवर पाणी गोड आहे, कुठल्या वळणाला खडी सुटलीय, कुठला हॉटेलवाला सकाळी चूल पेटवतो, सगळं बघून यायचे. आमच्या डॉक्टरांनी एकदा त्यांना मोबाईलवरचा नकाशा दाखवला. अप्पांनी चष्मा कपाळावर सारला, नकाशा खालीवर केला आणि विचारलं, "यात कुत्रं कुठं दाखवलंय?"

कुत्री त्यांना नावानं माहीत होती, मंडळी. नावानं. एका वाडीचं कुत्रं माझ्या पोटरीमागं पंचवीस हात पळालंय. अप्पांनी मागून नुसतं "ए राजा" म्हटलं, तर ते शेपूट हलवत परत गेलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मागून म्हटलं. कारण अप्पा कायम मागं. रस्ता त्यांनी शोधायचा आणि पहिला जायचा मान मी घ्यायचा. माझी सायकल भारी, टाचेत जोर, आणि पुढं असायची हौस लहानपणापासूनची. अप्पा शेवटी. सगळ्यात हळू जो असेल त्याच्या मागं.

आणि त्यांच्या सायकलीचं चेनकव्हर. ते वाकलेलं होतं. पायडल एकदा फिरलं की कव्हरला घासायचं. टक. परत फिरलं, टक. माझ्यासारख्या मेकॅनिकला तो आवाज म्हणजे दाढेत अडकलेली बडीशेप. मी म्हणायचो, अप्पा, पाच मिनिटांचं काम आहे. ते म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या, बिचारं बोलतंय." आणखी एक खोड होती. ते उतारालाही पायडल मारायचे. आम्ही हसायचो. अहो अप्पा, उतार आहे, पाय सोडा. हसायचे आणि मारत राहायचे. टक, टक.

मला शहाण्याला वाटायचं, असे कान फक्त माझेच. पण ऐकू येणं वेगळं आणि कळणं वेगळं.

आता माझा गुन्हा सांगतो. अक्का, तुम्हाला तो माहीत आहे. बाकीच्यांना आज कळू द्या.

मागच्या हिवाळ्यात देवणीला चहाला थांबलो. अप्पा हॉटेलवाल्याशी बोलत होते. मी पान्हा काढला, कव्हर सरळ केलं, रबराचा वायसर घातला आणि आवळलं. गुपचूप. मनात म्हटलं, बघू आता कसं बोलतंय.

पुढं खोऱ्यात उतरताना धुकं लागलं. समोरचं चाक दिसेना असं. मी नेहमीप्रमाणं पहिला पुलावर. एकेक येत गेले. शेवटी अप्पा आले, कानटोपी घालून. उतरले आणि बोटानं डोकी मोजली. परत मोजली. म्हणाले, "एक शीट कमी हाय."

मीनाताई नव्हत्या. या इथं बसल्यात, दवाखान्यात नर्स आहेत. तेव्हा नवीन होत्या आणि सगळ्यात हळू. अप्पांच्या पुढं त्याच असायला पाहिजेत, आणि अप्पा तर एकटे आले. मंडळी, खाली मांजरेचं पाणी, वर धुकं, आणि माणूस नाही. मी पुलावरूनच हाका मारत राहिलो. अप्पा मात्र सायकल वळवून निघालेसुद्धा.

सापडल्या. नदीकडं जाणाऱ्या गाडीवाटेनं एका शेतात. जवळ देवणीचा एक भला मोठा बैल रवंथ करतोय, शेकोटी पेटलीय आणि ताई हुरडा खात बसल्यात. शेतातली म्हातारी आम्हालाच रागावली. "लेकरू वाट चुकून रडून राहिलं, अन् तुमी आत्ता आलात व्हय? बसा, हुरडा खावा."

अप्पांनी विचारलं, "ताई, फाट्यावर वळलात कामून?"

ताई म्हणाल्या, "अप्पा, आज तुमचं टक-टक आलंच न्हाई. मला वाटलं तुमी म्होरं गेलात अन् मी एकटीच ऱ्हायले. मग दिसंल तिकडं वळले."

अप्पांनी पायडल हातानं फिरवलं. आवाज नाही. म्हणाले, "मला वाटलं कानटोपीनं कान बसलेत." मग माझ्याकडं बघितलं. रागावून नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "शेठ, पान्हा द्या."

नीट करायला मला पाच मिनिटं लागली होती. बिघडवायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. वायसर माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "मागच्या शीटवरच्याला कळाया पाहिजे, कंडक्टर गाडीत हाय."

तेव्हा मला उताराचं पायडल कळलं.

अप्पा गेले त्या सकाळी अंगणात चहा पीत होते. त्रास नाही, धावपळ नाही. परवाच्या रविवारी आम्ही सवयीनं चौकात जमलो. सगळे आले. पण निघेना कोणी. मागं कोण राहणार? डॉक्टर म्हणाले, तुम्ही. मी म्हणालो, तुम्ही. अर्धा तास एकमेकांना मागं ढकललं आणि सायकली हातात धरून घरी गेलो. मंडळी, आजच्या या सभेपेक्षा मला त्या सकाळची भीती वाटली. तसा आणखी एक रविवार गेला असता, तर अप्पांचे रस्ते अप्पांबरोबर गेले असते.

म्हणून काल मी अक्कांकडं गेलो. म्हटलं, अक्का, अप्पांची सायकल द्या. मागं मी राहीन.

अक्का म्हणाल्या, "तुमी? मागं?"

म्हटलं, हाव.

"म्होरं कुणी गेलं तर पाय शिवशिवतेल."

म्हटलं, शिवशिवू द्या.

"उताराला पायडल मारशीला?"

म्हटलं, मारीन.

"अन् कव्हर?"

म्हटलं, अक्का, शपथ, हात लावणार नाही. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्या हाताचा भरवसा न्हाई. पान्हा हितं ठिवून जा."

तर माझा पान्हा अक्कांकडं जमा आहे. पदराखाली घेऊन बसल्यात. दर शनिवारी सायकल न्यायला गेलो की दाखवतील, परत देणार नाहीत.

हसलात, बरं केलंत. अप्पांच्या गाडीत तोंड पाडून बसायला जागा नव्हती.

येत्या रविवारी देवणीवरून मांजरेचा पूल. मीनाताई आता हळू राहिल्या नाहीत, त्या पहिल्या जातील. रस्ता त्यांना पाठ आहे, चुकून पाठ झालाय. सगळ्यात हळू जो असेल त्यानं मागं वळून बघायचं नाही. फक्त ऐकायचं.

आता उभे राहा. ही बघा, सायकल इथं स्टँडवर लावलीय. मी पायडल फिरवतो. टक-टक ऐका. मग मी हात सोडीन. चाक थोडा वेळ एकटंच फिरेल आणि थांबेल. ते थांबलं की आपणही गप्प राहू. मग मी घंटी दोनदा वाजवीन. दोनदा वाजली की गाडी सुटते, हे उदगिरात कोणाला सांगायला नको.

शरणु शरणार्थी, अप्पा, नमस्कार घ्या. डोकी मी मोजलीत. सगळे आहेत.