धानाचं शेवटचं पानी

…अन् डिझेल कोनाचं गेलं? माह्यं! या सोमाजीचं! तुमाले सांगतो, ऐंशी साल, डिझेलची मारामार, अन् साकोलीच्या पंपावर दोन दिवस लायनीत उभा राहून एक कॅन आनली होती जी. काहून? धान पोटरीत आलं, बोडीतलं, म्हंजे शेतातल्या तळ्यातलं, पानी खाली गेलं, अन् आमच्या एकोडीत इजेचे खांब हायेत, तार नाही! इंजिन लावाचं, पानी उचलाचं, बस. माह्या धानाले एकच पानी पायजे होतं.

त्याच दिवशी सरकारी गाडी आली. सायेब, पडदा, जनरेटर! मधुकर गुरुजीनं भर दुपारी शाळेच्या खिडक्याले घोंगडे लावले, अन् चित्रं सुरू… "बंधूंनो, वीज कशाची चांगली?" कोळसा? धूर करते, अन् एक दिवस सरते. अणू? मूठभर गोळ्यात अख्खा तालुका उजेडात, पन त्याची राख हजारो वर्षं सांभाळा लागते! आमची घरवाली शकुन मांगून बोलली, "अवो, माह्या चुलीची राख तं रोज उकिरड्यावर जाते, हे कोन सांभाळन?" वारा? वाहिला तं वाहिला. सूर्य? फुकट! शेन? त्याचाही गॅस! म्हनलं, सायेब, सारं खरं, पन माह्या धानाले एकच पानी…

"आणि डिझेल तर संपणारच आहे!" असं सायेब म्हनाले, अन् जनरेटर… फट्, फट्, फुस्स! संपलंच जी! अंधार. "कोणाकडे थोडं डिझेल आहे का?" अन् सारं गाव बाप्पा, सारं गाव माह्याकडं पाहून राहिलं! गुरुजी म्हनते, "सोमाजी, गावाच्या इज्जतीचा सवाल हाये." आता चारचौघात नाही कसं म्हनाचं? देल्ली कॅन. शकुन उठून घरी गेली. मले रडूच आलं, पन अंधारात कोनाले दिसते?

मंग दिसले चित्रं, सूर्याचे, रंगीत! शेवटी सायेबानं इचारलं, "सोमाजी, तुम्हाला कोणती ऊर्जा आवडली?" म्हनलं, "माह्या कॅनीतली." त्यानं वहीत लेहून घेतलं, पसंती : डिझेल!

दुसऱ्या दिवशी पंपावर गेलो, तं पाटी लागली, 'डिझेल नाही.' एकच पानी पायजे होतं, जी! नाही भेटलं. लोंबीत दाना भरला नाही, सारं धान कापून बैलाइले टाकलं. बैलं खाऊन राहिले, शेनाचे ढीग लागून राहिले. सायेबाच्या म्हनन्यानं आता एकोडीत सगळ्यात जास्त ऊर्जा माह्याच घरी हाये… शिजवाले दाना नाही, येवढंच!