रेल्वेनं न्या, न्हाईतर पाइपानं न्या!

...न्हाई न्हाई, आधी हा पदर हुंगा! हुंगा की, लाजताय काय! साबन लावून धुतला, उन्हात वाळवला, पुन्यांदा धुतला, तरी पेट्रोल पंपावर मुक्काम केल्यासारखा वास येतोय का न्हाई? येतोय ना? मग! अन् तो तेल कंपनीचा साहेब मला म्हनतो, "मावशी, तुम्हाला भास होत असेल." भास! माझ्या गाईनं घमेल्यात तोंड घातलं अन् फुर्रकन नाक उडवून मागं सरली, तिलाबी भास झाला व्हय? गाईला कधी भास झालेला आयकलाय तुमी?

तुमाला सांगते, मला आता किळस आलीय किळस! तेल बघितलं तरी तोंड फिरवते. आवो, तुमी तेल रेल्वेनं न्या, पाइपानं न्या, डोक्यावर घेऊन जा, पन माझ्या इहिरीतनं नका नेऊ!

आमचं रान कुठं हाय ते सांगते, म्हंजी कळंल. दौंडच्या लाईनीला खेटून. एका अंगाला रूळ. तेलाच्या गोल गोल टाक्यांची ती मालगाडी, तिला सिग्नल मिळंना की तिथंच उभी, जेवून आडव्या झालेल्या पावन्यावानी, उठायचं नावच न्हाई! दुसऱ्या अंगाला तेल कंपनीचा पाइप. तो जमिनीच्या खाली, वर नुसते पिवळे खांब, 'येथे खोदू नये.' अन् दोघांच्या मधी कोन? आमची इहीर! माझं माहेर पारनेरकडं, पान्याची किंमत मला कुनी सांगू नये. हे स्थळ आलं तवा बापानं विचारलं ते एकच, इहिरीला पानी हाय का? नवऱ्याचं नाव मागनं विचारलं!

तर त्या दिवशी सकाळी चहा केला. आमच्या मालकानं घोट घेतला अन् तोंड असं... असं केलं. "बनू, चहात काय टाकलंस?" म्हनले, "साखर टाकली, दुसरं काय टाकनार?" तर म्हनतात, "न्हाई, ट्रॅक्टरला टाकायचं ते टाकलंस." मी भांडले की! तुमीच हात न धुता कपाला हात लावला आसंल, म्हनले. अन् मग मी घोट घेतला... आगं आई! पळत इहिरीवर गेलो दोघं. वाकून बघते तर पान्यावर सगळे रंग. तांबडा, निळा, जांभळा! लोकांना इंद्रधनुष्य आभाळात दिसतं, आमाला इहिरीत!

अन् तवर मी दुधाची कॅन त्याच पान्यानं धुतल्याली. तरी दूध टाकून द्यायला जीव हुईना, तसंच नेलं डेअरीवर. तिथं वाल्मिक बसतो, दूध घेतो, बोलायला लई तिखट. त्यानं झाकन काढलं, नाकावर रुमाल धरला अन् सगळ्या गावापुढं म्हनाला, "काकू, गाय सर्व्हिसिंगला घातली हुती का?" हसली ना सगळी! तुमीबी हसा, हसा. मी मातर कॅन उचलली अन् दूध गटारीत वतलं. आपल्या हातानं काढलेलं दूध गटारीत वतताना काय वाटतं, ते वतल्याबिगर कळायचं न्हाई.

पयल्यांदा धावून आला कोन? भिमाजी भावजी! हा आमचा चुलत दीर, बांधाला बांध. इहिरीत वाकला, कपाळाला हात मारला, "वहिनी, सोडायचं न्हाई! रेल्वेवाल्यालाबी न्हाई अन् पाइपवाल्यालाबी न्हाई!" डोळ्यात पानी आलं त्याच्या. माझ्या इहिरीत डिझेल अन् ह्याच्या डोळ्यात पानी! मी म्हनले, सख्खा भाऊ करनार न्हाई येवढं करतोय. त्यानं गाव गोळा केलं, रस्ता अडवला, घसा बसंस्तवर घोषना दिल्या. तवा कुठं साहेब लोकं आली.

दोन गाड्या, दोन साहेब. रेल्वेचे शरच्चंद्र साहेब, पिकल्याले, चष्मा नाकाच्या टोकाला. अन् पाइपाचे अवधूत साहेब, कोवळे, डोक्यावर पिवळी टोपी, बुटाला माती लागंल म्हनून दगडा-दगडावरनं उड्या मारत आल्याले. इहिरीत कुनी बघंना! एकमेकांकडंच बघतात!

"हे पाहा, आमचे डबे पोलादी असतात. गळती झाली तर वर दिसते. तुमचा पाइप जमिनीत, तो कुजला तरी कोणाला पत्ता लागणार?"

"सर, आमच्या पाइपातलं प्रेशर जरा कमी झालं की कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजतो! सांडतं ते तुमच्याकडे. भरताना सांडतं, उतरवताना सांडतं, डबा घसरला की सगळंच सांडतं!"

"घसरला? कधी घसरला? सांगा ना!"

"जगात कुठेतरी घसरतोच की, सर!"

आता जगात कुठं घसरला त्याचं मी काय करू? लोनचं घालू? मधी उभी मी, हातात रिकामा हंडा, मान हिकडं, मान तिकडं. शेवटी वरडले, "साहेब, तुमी तेल रेल्वेनं न्या, पाइपानं न्या, पन माझ्या इहिरीतनं नका नेऊ!" तर दोघं एकदम म्हनतात, "मावशी, तुम्ही मध्ये बोलू नका." पयल्यांदा त्यांचं एकमत झालं!

मग ठरलं, खोदून बघायचं. पाइपाचे साहेब म्हनले, रुळाकडनं खोदा. रेल्वेचे म्हनले, पाइपाकडनं खोदा. शेवटी आमच्या बांधापासून सुरू झालं. आला जेसीबी. अन् भिमाजी भावजी आडवा! "हितं नको, हितं नको! वहिनीचं रान खराब हुईल!" बघा, माझं मन भरून आलं हो! आमचे मालक म्हनले, "खराब व्हायचं काय राह्यलंय, सर बाजूला." भावजीची कडब्याची गंज बांधावरच हुती. जेसीबीनं ती नुसती ढकलली अन्... खाली खड्डा. खड्ड्यात ड्रम. ड्रमामागं कॅन, कॅनमागं आनखी कॅन. अन् एक ड्रम बुडाला गंजल्याला, आपला टिपकतोय, टिप... टिप... सरळ माझ्या इहिरीच्या दिशेला!

सगळी भावजीकडं वळली. मालगाडी सिग्नलला थांबली की हा पठ्ठ्या टाकीखाली कॅन लावायचा! किती दिसांपासनं, देव जाने. रेल्वेनं न्यायचं का पाइपानं, साहेब लोकं भांडत बसली, अन् हा आपला खांद्यावर घेऊन चालला हुता! मी बघितलं त्याच्याकडं. मान खाली. म्हनले, "भावजी, रडत हुता तवा खरं रडत हुता का?" तर म्हनतो, "खरंच वहिनी. मला वाटलं न्हवतं इतकं झिरपंल."

अन् साहेब लोकं? आनंद बघायचा हुता! गळ्यात गळा घालायचेच राह्यले! "म्हणजे पाइप सुरक्षित!" "म्हणजे डबाही फुटला नाही!" एकमेकांना पान्याची बाटली दिली, सीलबंद, थंडगार. मी म्हनले, "अन् इहीर?" रेल्वेचे साहेब म्हनले, "तेल चोरीला गेलं की आमची जबाबदारी संपते, मावशी." पाइपाचे म्हनले, "आमचा तर संबंधच नव्हता." गाड्या वळल्या, धुरळा उडाला. थू!

मग पोलीस आले. हवालदार हनुमंत, आमच्याच शेजारगावचा. मला वाटलं, आता कायतरी हुईल. त्यानं बाटलीत पानी भरलं, हुंगलं, अन् इहिरीला चहूबाजूनं पट्टी बांधून टाकली. म्हनले, "दादा, उपसायची हाय तिला, मोटार लावू दे." तर म्हनतो, "हात लावायचा नाही! मुद्देमाल आहे!" आता बोला! चोरी दुसऱ्याची, तेल तिसऱ्याचं अन् मुद्देमाल माझी इहीर! कोरटाचा निकाल लागंस्तवर तिला उपसायचीबी न्हाई अन् वापरायचीबी न्हाई!

भिमाजी भावजी? जामिनावर सुटला की! परवा दिवशी हंडा कमरेला लावून मी गावातल्या नळाला निघाले तर हा बांधावर उभा. "वहिनी, येवढं लांब कशाला जाता? आमच्या इहिरीला झकास पानी हाय, मोटार लावतो." त्याच्या इहिरीला काय हुतंय? ती चढाला हाय, झिरपा माझ्याकडं येतो! मी त्याच्याकडं बघितलं. गोठ्याकडं बघितलं. गाई हंबरत हुत्या, जिभा बाहेर.

...भरला हंडा. काय करता? गाईला कुठं विचारता येतं, बाई गं, चोराचं पानी चालंल का? ती आपली मान खाली घालून प्याली. अन् खोटं कशाला बोलू... मागनं मीबी प्याले. गोड हाय मेल्याचं पानी.