तीन स्टारवाली बाई

कुरिअरच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. थोरली कापडी पिशव्या शिवून ऑनलाइन विकते, हे मला लगेच कळलं, कारण धाकटीचा आवाज म्हणजे लाउडस्पीकरच!

“ताई, एका बाईनं तुझ्या पिशवीला तीन स्टार दिलेत. म्हणते, पहिल्याच धुण्यात रंग गेला.”

“वाचलं मी.”

“टेन्शन घेऊ नकोस. मी अजून दहा रिव्ह्यू टाकते. तिचा जाईल तळाला.”

“अजून म्हणजे? आधीचे सगळे तूच लिहिलेस?”

“मग कोण लिहिणार? सासूबाईंच्या नावानं, जावेच्या नावानं... ‘अप्रतिम! रोज वापरते!’ झकास लिहिलंय की नाही?”

“अगं बाई! ते वाचून मी त्याच कापडाचा अख्खा तागा आणला ना!”

“तुला धीर यावा म्हणून लिहिलं गं.”

“आला की धीर! पण पिशवी धुतली कुणी? त्या एकटीनं. तुझे सगळे काढून टाक.”

“मग तिचा एकच उरेल, ताई. कोण घेईल पिशव्या?”

“ते बघू नंतर.”

“आणि ही हातातली पार्सलं?”

“घरी चल घेऊन. आधी बादलीत बुडवून बघते.”

दोघी रांगेतून बाहेर पडल्या आणि मी टुणकन पुढे सरकले.