मांडीवरच्या तिकिटाची रंगीत तालीम

...नाही, पण डायपर म्हणजे काय पैठणी आहे का हो? नाही ना? मग दुकानात त्या खोक्यासमोर उभं राहिलं की माणूस किंमत तीनतीनदा का वाचतो? तुम्हाला सांगतो, जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांत आम्ही पाच भावंडं वाढलो. तीच माझी आई, जाईबाई, नागपूरहून फोनवर मला विचारते, "जयभीम बाप्पा! काय म्हणतोस, खर्च? मुठीएवढं लेकरू, त्याले लागते तरी काय?" आणि मी सांगायला तोंड उघडतो, तोवर फोनचं कार्ड संपलेलं असतं!

लागते तरी काय! अहो, हॉस्पिटलमधून पोरीला घरी आणायचं तर नर्स म्हणे, आधी कार सीट, म्हणजे बाळाची गाडीतली खुर्ची, दाखवा. सीट नाही तर बाळ नाही! स्वतःची मुलगी सोडवून आणायला मी बर्फातून दुकानात पळालो. मग दूध. स्वस्तातलं दूध आमच्या उपासनाने एकदा तोंडात घेतलं आणि अगदी सभ्यपणे माझ्या ऑफिसच्या शर्टावर परत केलं. आणि झोप? ती तर कुठल्याच दुकानात मिळत नाही. मी शिकागोहून संध्याकाळच्या गाडीने नेपरव्हिलला घरी येतो, म्हणजे यायला हवं होतं म्हणा, कारण त्या दिवसांत डोळा लागून मी सरळ ऑरोराला पोचायचो. शेवटचं स्टेशन. कंडक्टर हलवून उठवायचा, "सर, न्यू बेबी?" त्या बिचाऱ्याला कपाळ वाचता यायचं माझं.

पण खरा प्रश्न पुढेच होता. माझी बायको जागृती, तिचं मास्टर्सचं शेवटचं वर्ष, वर्ग सगळे दिवसाचे. म्हणून गेलो डेकेअर बघायला. तिथली बाई इतकं गोड बोलते, "ओह, वी लव्ह बेबीज!" आणि फी सांगितली... आमच्या अपार्टमेंटचं भाडं बरोब्बर तेवढंच! म्हटलं, मॅडम, असं करू का, आम्ही तिघंही इथेच राहायला येतो? ती हसली. मी थट्टा करत नव्हतो हो!

मग आल्या आमच्या ओळखीच्या मालिनीकाकू. काकू इथे वीस वर्षं आहेत, मोठं घर आहे, आणि दुसऱ्याच्या घरचा प्रश्न दिसला की त्यांना राहवत नाही. म्हणाल्या, "अरे प्रितम, इतका विचार काय करतोस? दोन वर्षं पाठवून दे आजीकडे. सगळेच पाठवतात. मांडीवर बसणाऱ्या बाळाचं तिकीट फक्त दहा टक्के!"

बघा आता! दूध पूर्ण किमतीला, डायपर पूर्ण किमतीला, डॉक्टर तर विचारूच नका... आणि सवलत कशावर? तर पोरीला लांब धाडण्यावर! आईला फोन केला, ती हरखली. "आन ना बाप्पा! इथं काय कमी आहे? लेकराले लागते तरी काय?" जागृती त्या दिवशी नुसती भांडी घासत राहिली. स्वच्छ भांडीसुद्धा घासली.

आता मांडी कुणाची? तर अतुलची. अतुल म्हणजे पुण्याचा पोरगा, आमच्या खालच्या मजल्यावर राहतो, ऑफिस घराजवळच, लग्न व्हायचंय, आणि मुली बघायलाच इंडियात निघालेला. मी विचारलं तर म्हणाला, "चालेल की यार! पण मी बाळ कधी धरलंच नाहीये. रडली तर काय करू? विमानातून उतरता पण येत नाही!"

काकू म्हणाल्या, "मग रंगीत तालीम करू!"

हसू नका! शनिवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये विमान उभं राहिलं. भिंतीला टेकवून दोन खुर्च्या. एकीवर अतुल, कमरेला माझा पट्टा, मांडीवर उपासना. शेजारच्या खुर्चीत प्रवासी म्हणून काकू. पुढे मी, खुर्ची मागे रेलून, कारण पुढचा माणूस रेलतोच! जागृती एअरहोस्टेस, पण चेहरा असा की कुणी पाणी मागायची हिंमत करू नये. आणि इंजिनाचा आवाज पाहिजे म्हणून काकूंनी चालू केला व्हॅक्यूम क्लीनर. घूंऽऽऽ...

मला वाटलं, आता ही पोरगी छप्पर डोक्यावर घेणार. रड बाई, मी मनात म्हणत होतो, माझ्या शर्टावर ओकतेस तशी ओक त्याच्यावर! तर तिने अतुलच्या स्वेटरमध्ये नाक खुपसलं, मोठा सुस्कारा टाकला आणि... झोपली. मग अतुल झोपला. मग काकू घोरायला लागल्या. बाहेर बर्फ असा सावकाश पडत होता, की वाटलं बर्फ जागेवरच आहे आणि आपलं अपार्टमेंटच हळूहळू वर चाललंय... घूंऽऽऽ... खाली पार्किंग लॉट लहान लहान होत गेला, ढग आले, खिडकीतून मऊ प्रकाश आला, आणि नागपूर आलं. दारात आई उभी. तिच्या पदराला धरून दोन वर्षांची, झिपऱ्या केसांची, चुणचुणीत उपासना. मी हात पसरले. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "आजी, हा कोण होय?"

दचकून जागा झालो. व्हॅक्यूम बंद होता. जागृतीने बंद केला होता आणि ती अतुलच्या खुर्चीसमोर तशीच उभी होती. तालीम शंभर टक्के यशस्वी! मला म्हणाली, "प्रितम, रडली असती तर बरं झालं असतं रे."

तिने पोरीला उचललं, छातीशी धरलं. आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा ती महामाया रडली! अशी खणखणीत रडली की काकू "लँड झालं का?" म्हणत उठल्या. आम्ही दोघंही रडत होतो आणि हसत होतो, आणि तिकीट काही काढलं नाही.

जागृतीने वर्ग संध्याकाळचे घेतले. डिग्री एक वर्ष लांबली. तो खर्च कुणी विचारत नाही, आणि ती सांगत नाही. ती पाचला निघते, मी सातला पोचतो. मधे पोरगी कुणाकडे? अतुलकडे! तो इंडियात जाऊन आला, एकही मुलगी पसंत पडली नाही, पण रोज पाचच्या ठोक्याला वर हजर. स्वेटर घालून बसतो, व्हॅक्यूम लावतो, दोघं झोपतात. एक पैसा घेत नाही.

परवा आईचा फोन. "आता तर निभते ना बाप्पा? लेकराले लागते तरी काय?"

म्हटलं, आई, खरं आहे तुझं. लेकराला काही म्हणजे काही लागत नाही. अतुलला रोज सहा पोळ्या लागतात... आणि वर दारातून निघालेल्या जागृतीला म्हणतो, वहिनी, तूप?