सनाचा बुलेट

कळंबकडच्या एका शाळेवर मास्तर होतो न मी, तिथं माह्या वर्गात सना होती, गॅरेजवाल्याची पोरगी. तिले ऐकू येत नाही. बुलेट म्हणजे तिचा कुत्रा. घंटा झाली का तो फ्रॉक ओढून तिले उठवे.

हेडमास्तर भडकले. "वर्गात कुत्रं? उद्यापासून बंद!"

म्हटलं, "सर, एक डाव पाहून तर घ्या."

ते मागच्या खुर्चीवर बसले अन् पंख्याखाली घोरू लागले. सुट्टीची घंटा झाली. बुलेटनं सनाले दारापर्यंत नेलं, मागं पाह्यलं, वापस आला अन् हेडमास्तरांची प्यांट ओढू लागला.

ते डोळे चोळत उठले, रिकामा वर्ग पाह्यला, बुलेटच्या डोक्यावर हात फिरवला.

"येऊ द्या याले. घंटा ऐकू न येणारे आपल्या शाळेत दोघं आहेत."