डोळे उघडेपर्यंत

(आलाहुएला. घरामागचं साचे बनवण्याचं वर्कशॉप. एलादियोची बायको लिडिएत वारली, त्याला नऊ दिवस झाले. संध्याकाळी तिच्यासाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेची शेवटची जपमाळ आहे.)

एलादियो: मला फोन पतपेढीच्या मॅनेजरचा आला, बैठकीचा हॉल त्यांचाच. मी इथेच होतो, या यंत्रापाशी. म्हणाला, बाई बैठकीत बसल्या बसल्या गेल्या, झोप लागल्यासारख्या. मी म्हटलं, तिला अजून सकाळच्या गोळ्या घ्यायच्यात. असलंच काहीतरी खुळ्यासारखं बोललो. तू कुठे होतीस तेव्हा?

योर्लेनी: तिथेच, काका. हॉलमध्ये. मी आधीच येणार होते तुमच्याकडे, पण...

एलादियो: आज बोलावलं म्हणून आलीस.

योर्लेनी: हो.

सोराइदा: कॉफी घे, पोरी. इतके दिवस हा माणूस कोणाशी धड बोलला नाही, आणि आज सकाळपासून तुझंच नाव. मला वाटलं, माझ्या बहिणीची माती ओली आहे तोवर याने दुसरी शोधली की काय!

एलादियो: सोराइदा.

सोराइदा: बरं, गप्प बसते. या घरात थट्टा करायची तिचीच मक्तेदारी होती.

एलादियो: योर्लेनी, हे काय आहे? हातात घेऊन बघ.

योर्लेनी: माझी पट्टी.

एलादियो: पट्टी तुझी, वरचं कवच माझं. कडेला ही बारीक रेघ दिसते? साच्याला तिथे ओरखडा आहे, तो प्रत्येक कवचावर उमटतो. हजारात ओळखीन. हॉस्पिटलने दिलेल्या पिशवीत होती ही. चष्मा, अंगठी, माळ, चपला आणि ही.

सोराइदा: पिशवी मी उघडली. आजच्या जपाला तिचीच माळ हवी होती. याने तर कपाटात कोंबून ठेवली होती.

एलादियो: ठोके बघायची तुझी पट्टी लिडिएतच्या अंगावर काय करत होती?

योर्लेनी: त्या दिवशी बोलायची पाळी माझी होती. पट्टी कोणाला तरी लावून दाखवायची होती. मी भावाला आणणार होते. बाई म्हणाल्या, तरण्या पोराचं हृदय कोण बघतं, माझं लाव, जुनं आहे, तेवढंच कामाला येईल.

सोराइदा: हे तिचंच बोलणं.

योर्लेनी: ठोक्यांची रेघ भिंतीवर मोठी दिसत होती. सगळ्यांना.

एलादियो: थांब. तिच्या छातीवर पट्टी होती, आणि तिचे ठोके भिंतीवर दिसत होते?

योर्लेनी: हो.

एलादियो: आणि ती गेली.

योर्लेनी: हो, काका.

सोराइदा: मला नीट कळू दे. मी कधी गेले नाही तिथे. मला एवढंच ठाऊक, की इथले दवाखान्याची यंत्रं बनवणारे लहान-मोठे सगळे मंगळवारी सकाळी एकत्र बसून पिंतो, तो घेवड्याचा भात, खातात आणि माझी बहीण त्यांना शहाणपण शिकवते.

योर्लेनी: शिकवत नव्हत्या. ऐकायच्या. कोणी नळ्या बनवतं, कोणी टाके घालायच्या सुया, कोणी माझ्यासारखं घरच्या गॅरेजमध्ये काहीतरी जोडत असतं. एकाने उभं राहायचं, आपलं यंत्र सांगायचं, अडचण सांगायची. बाई डोळे मिटून ऐकायच्या. बोलणं संपलं तरी मिटलेलेच. मग डोळे उघडायच्या आणि एक नाव सांगायच्या, अमक्याला भेट. बस, एकच नाव. माझं कवच कोण करेल विचारलं, तर म्हणाल्या, माझ्या नवऱ्याला भेट, साचे चांगले करतो, स्वभावाने फणस आहे.

एलादियो: फणस म्हणाली?

योर्लेनी: काटे बाहेरून, असं म्हणाल्या.

सोराइदा: गरे तिने एकटीने खाल्ले. पुढे बोल.

योर्लेनी: बाईंचे डोळे उघडेपर्यंत कोणी बोलायचं नाही, हा नियम. चमचासुद्धा वाजवायचा नाही. आणि आम्ही आपसात म्हणायचो, डोळे जितका वेळ मिटलेले, तितका माणूस मोठा सुचणार.

एलादियो: रेघेचं सांग.

योर्लेनी: मी खर्चाचं सांगत होते. मागे वळले तर रेघ वेडीवाकडी झाली होती. लहान मूल पेन्सिल फिरवतं तशी. मला वाटलं, बाई हलल्या, सेन्सर सुटला. मग सपाट झाली.

एलादियो: मग?

योर्लेनी: मी माफी मागितली. लोकांची. म्हटलं, क्षमा करा, पट्टी निघालेली दिसते. आणि पुढे बोलत राहिले.

सोराइदा: बोलत राहिलीस?

योर्लेनी: बाईंनीच शिकवलं होतं! सगळ्यांना सांगायच्या, लोकांसमोर यंत्र बंद पडलं तर त्याच्याशी झोंबायचं नाही, गिऱ्हाईक तुमचा घाम बघतं. बोलत राहा, यंत्र नंतर बघा.

सोराइदा: अगं, त्या हॉलमधले निम्मे लोक हृदयाच्याच वस्तू बनवतात ना? एकालाही कळू नये?

योर्लेनी: सगळ्यांना तेच वाटलं, यंत्र बिघडलं. आम्ही रोज बिघडलेली यंत्रंच बघतो, मावशी. रेघ सपाट झाली की आम्ही वायर तपासतो. माणूस नाही.

एलादियो: ही पट्टी ओरडते. मी स्वतः ऐकलंय, इथे, या टेबलावर. ठोके बिघडले की कान फुटतील असा आवाज करते. तो आवाज कुठे गेला?

योर्लेनी: काका...

एलादियो: कुठे गेला?

योर्लेनी: बंद केला होता. बाई म्हणाल्या, आवाजाने पाहुणे दचकतात, बोलत असताना बंद ठेव. त्यासाठीच तर ते बटण.

एलादियो: बटण.

योर्लेनी: कडेचं. तुम्हीच भोक ठेवलंय ना त्याच्यासाठी.

एलादियो: हो. मी जेवत होतो. लिडिएत कवच घेऊन आली, म्हणाली, इथे एक बटण बसू दे. मी म्हटलं, कशाला? म्हणाली, तुला काय करायचंय, तू भोक पाड. जेवण टाकून उठलो आणि पाडलं.

सोराइदा: देवा! मग मी नऊ दिवस कोणाच्या नावाने बोटं मोडतेय? म्हणजे माझी बहीण स्वतःच्याच शहाणपणाने गेली.

योर्लेनी: माझं बोलणं संपलं. बाईंचे डोळे मिटलेले. सगळे गप्प. पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी मला अंगठा दाखवला. बराच वेळ झाला, काका. आणि मी... मला आनंद होत होता. म्हटलं, आज नाव मोठं येणार.

सोराइदा: बस कर.

योर्लेनी: मग मांडीवरचा कप घरंगळला. त्या उचलायला वाकल्या नाहीत. तेव्हा सगळे धावले. झटका द्यायचं यंत्र भिंतीलाच होतं. त्याचे सुटे भाग बनवणारा माणूस तिथेच होता, त्यानेच लावलं. दोनदा दिला झटका. काही झालं नाही.

एलादियो: आवाज चालू असता तर वाचली असती?

योर्लेनी: ते कसं सांगणार, काका? कदाचित...

एलादियो: तू हे यंत्र बनवलंस. कोणासाठी बनवलंस मग? सांग.

योर्लेनी: वाचल्या असत्या, बहुतेक.

सोराइदा: एलादियो, खाली बस. चेहरा बघ तुझा. पाणी देऊ?

एलादियो: नको. मला म्हणाले, झोप लागल्यासारखी गेली. दफनाला सगळे होते. ती सगळी माणसं माझा हात हातात घेऊन गेली. कोणी बोललं नाही.

योर्लेनी: त्यांना माहीतच नाही. त्यांना अजून वाटतं, पट्टी बिघडली होती. मी कोणाला सांगितलं नाही. हार्दिनेस भागातल्या दवाखान्यांना पट्ट्या हव्या होत्या, त्यांचा माणूस होता हॉलमध्ये. त्याने कळवलं, तुमचं यंत्र ऐन वेळी बंद पडतं, आम्हाला नको. मी लिहिलं, बरोबर आहे, बंद पडलं.

एलादियो: पण बंद पडलं नव्हतं.

योर्लेनी: नाही.

एलादियो: बरोबर चाललं होतं.

योर्लेनी: हो. पण ते सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भिंतीवर बाईंचा जीव गेला आणि तुम्ही पिंतो खात होतात? त्यापेक्षा यंत्र बिघडलेलं बरं. मी गॅरेज रिकामं करतेय. इथल्याच एका कारखान्यात नळ्या चिकटवायचं काम मिळतंय.

सोराइदा: चांगलं करतेस. माझ्या बहिणीच्या मरणाची जाहिरात नको. बघा, बाई मेली पण आमचं यंत्र चाललं, असं सांगत फिरणार? लाज वाटेल मला.

एलादियो: ठोके यात साठवलेले असतात ना? या पट्टीत?

योर्लेनी: असतात. मी पाहिले नाहीत. पट्टी तुमच्याकडेच होती.

सोराइदा: तू नाही बघणार, एलादियो.

एलादियो: आज नाही. पण दवाखान्याच्या माणसाने बघावेत. आणि मंगळवारच्या माणसांनीही.

सोराइदा: कशासाठी? ती परत येणार आहे?

एलादियो: सोराइदा, लिडिएतने या पोरीला बिनकामाची म्हणून कधी परत पाठवलं असतं? तुझ्या बहिणीच्या अंगावर असताना एकच गोष्ट खरं बोलत होती, ती ही पट्टी. तिलाच खोटी ठरवून आपण जप करायचा?

सोराइदा: मला रडवू नकोस. मला अजून तांदळाची खीर ढवळायची आहे. माणसं येतील.

एलादियो: योर्लेनी, गॅरेज रिकामं करू नकोस. मी नवीन साचा करतो. त्यात भोक नसेल. आवाज बंद करायची सोयच ठेवायची नाही. पाहुणे दचकले तर दचकू देत. कोणीही सांगितलं तरी ऐकायचं नाही.

योर्लेनी: बाईंनी सांगितलं असतं तरी?

एलादियो: तिने सांगितलं असतं तर मी पुन्हा भोक पाडलं असतं. म्हणून तर साचा आत्ताच कापतो.

सोराइदा: आत्ता? संध्याकाळी जप आहे, माणसा. दाढी तरी कर.

एलादियो: करतो. मंगळवारी हॉलमध्ये मी येतो, योर्लेनी. तू सांग, मी तुझ्या शेजारी बसतो. मला बोलता येत नाही, पण बसता येतं.

योर्लेनी: मंगळवारी आता कोणी फारसं यायचं नाही, काका. परवा हॉल उघडला होता. चारजण आले. कॉफी प्यायले. कोण कोणाला काय विचारणार?

सोराइदा: एक सांग मला, पोरी. त्या दिवशी तू शेवटी तिला काय विचारलं होतंस?

योर्लेनी: विचारलं, बाई, पट्टी तयार आहे. आता मी कोणाला भेटू?

एलादियो: आणि?

योर्लेनी: ते बाईंचं सांगायचं राहिलं.