डोक्यावरून कानाला लागलेला हात

सभेचे अध्यक्ष, आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर यशवंतराव. ज्यांना आज निरोप द्यायचा ते दातांचे डॉक्टर उद्धवराव. दवाखान्याच्या नर्सबाई कुसुमताई. खुर्च्यांवर बसलेले पुढारी आणि सतरंजीवर बसलेले कामाचे लोक, सगळ्यांना ठकुबाईचा नमस्कार.

प्रौढांच्या वर्गात चार महिने अक्षरं गिरवली, त्या जिवावर हे भाषण लिहून आणलंय. लिहिताना शुद्ध होतं, वाचताना बिघडलं तर माझा इलाज नाही.

आधीच्या तिघांनी डॉक्टरांना देवमाणूस म्हटलं. मी नाही म्हणणार. देवमाणूस असा खेकसतो का? "आजी, दात घासता की नुसती विचारपूस करून सोडता?" हे त्यांनी मला भर दवाखान्यात विचारलं. माझे उरले होते किती? पाच! असो.

माझी नात भागू. ती बघा, दुसऱ्या ओळीत, दोन वेण्या. तीन वर्षांमागं हिचे वरचे दात पुढं आणि खालचा जबडा मागं. इतका मागं, की खालचे दात टाळूत रुतायचे. भाकरीच्या तुकड्याला रक्त लागायचं. रूपाचं मला काही नव्हतं. आमच्या घरात रूपावर कुणी नाव काढलेलं नाही. पण पोर अर्ध्या ताटावरून उठायची, ते बघवायचं नाही. म्हणून एका गुरुवारी तिला चाकणच्या दवाखान्यात घेऊन आले.

डॉक्टरांनी वय विचारलं. मी शाळेचा दाखला पुढं केला. एक जून एकेचाळीस. म्हणजे चौदा पूर्ण. डॉक्टरांचा चेहरा पडला.

"उशीर केलात, आजी. वाढीचा जोर असतो तेव्हाच जबडा पुढं आणता येतो. चौदाच्या मुलीचा तो जोर सरत आलेला असतो. दोन वर्षं आधी आणायची होतीत."

दोन वर्षं! अध्यक्षमहाराज, आता तुम्हीपण ऐका, पाण्याचा पेला नंतर उचला.

सत्तेचाळीस साली भागूची आई बाळंतीण, मी कांद्याच्या लावणीला आणि ही सारखी पायात. म्हटलं, शाळेत कोंबावी. जन्माचे दाखले तेव्हा कुणाकडं होते? हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला, की पोर सहा वर्षांचं, दुसरा कायदा नाही. भागू होती चारची. पण हात आजोबांवर गेलेले, लांबडे. राहिलं बोटभर अंतर, तेवढी मान मी हळूच वाकवली. लागला कान!

मास्तर, म्हणजे हेच आजचे अध्यक्ष, म्हणाले, "ठकुबाई, पोर बारकी दिसती."

मी म्हणाले, "उपाशी हाय म्हणून दिसती."

आणि मास्तरांनी लिहिलं एक जून. निम्मं गाव एक जूनला जन्मलंय. त्या दिवशी सुईण पाणी तरी कधी प्याली असेल?

तर डॉक्टरांपुढं मला हे सगळं आठवलं आणि मी गप्प बसले. का? भागू त्या वर्षी फायनलच्या सरकारी परीक्षेला बसणार होती. वय खोटं निघालं आणि नाव कापलं तर? तोंड उघडावं तर शाळा जाते, मिटावं तर जबडा जातो. उभ्या जन्मात माझी जीभ तेवढीच एकदा अडली, हे माझ्या सुनेला विचारा.

डॉक्टर मात्र भागूच्या तोंडात बघतच राहिले. "मागच्या दाढा अजून अर्ध्याच आल्यात. चौदाच्या वाटत नाहीत. पुण्याला जाऊन हाताचा एक्स-रे काढून आणा."

मी भडकले. "दात तोंडात हायती डॉक्टर, मनगटात न्हाईत!" कुसुमताई पदराआड हसल्या. व्हय, तुम्हीच.

तरी एस.टी.नं पुण्याला गेलो, फोटो आणला. डॉक्टरांकडं नुसत्या हातांच्या फोटोंचं एक जाड बूक होतं, वयाप्रमाणं लावलेलं. त्यांनी आमचा फोटो उजेडाला धरला, एकेक पान ताडून बघितलं आणि मला दाखवलं. बोटाच्या हाडाच्या टोकाला चकती असते. चकती आणि हाड यांच्यात फट दिसते तोवर हाड वाढतंय. फट बुजली की संपलं. अंगठ्याच्या मुळाशी मुगाएवढा एक दाणा, तो भागूच्या हातात आत्ता कुठं उमटला होता.

"वाढीचा जोर आता येतोय," डॉक्टर म्हणाले. "हाड वर्षभर मागंपुढं असू शकतं. पण हा हात बाराचा आणि कागद चौदाचा. आजी, खोटं कोण बोलतंय?"

"कागद."

"त्याला कुणी शिकवलं?"

मग काय, सगळं सांगितलं. वाटलं, आता खेकसतील. तर हा माणूस खुर्चीत मागं रेलून हसला. म्हणाला, "एवढ्या आनंदानं मी कुणाचं खोटं पकडलं नव्हतं. वेळ आहे, आजी! वेळ आहे!"

मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. रडले नाही. 

पुढं दोन वर्षं भागूनं संध्याकाळपासून सकाळपर्यंत तोंडात डॉक्टरांनी बनवलेला, खालचा जबडा पुढं धरणारा गुलाबी ठोकळा धरला. 'आजी'चं 'आवी' झालं, पण घराला शांतता मिळाली. यंदा पुन्हा हाताचा फोटो काढला. फटी बुजत आल्यात, जबडा जागेवर आलाय. परवा तिनं शिळी भाकरी कांद्याबरोबर अशी कुरुमकुरुम खाल्ली, की शेजारची सरुबाई काय वाजतंय ते विचारायला आली.

डॉक्टर, बदलीच्या गावी माझ्यासारख्या लबाड म्हाताऱ्या भेटतील. दाखल्यावर जाऊ नका, हात बघा. तुमचे उपकार मानते, आणि खेकसणं माफ करते.

मास्तर, तुमच्या रजिस्टरात खोटं मी घातलं. दंड मला करा, पोरीची पास झालेली परीक्षा राहू द्या. मान हलवलीत? सगळ्यांनी बघितलं हं.

बोलण्यात कुणाला लागलं असेल तर माफी मागते. माफी मागताना कानाला हात लावतात. मी डोक्यावरून लावते. हा बघा, पोचला.

लिहा मास्तर: ठकुबाई, वय सहा, जन्म एक जून.